रंग ओला असताना कवितेची चिरफाड कशी करावी

पेण तालुक्यातल्या जोहे गावात गणपतीचे कारखाने पुष्कळ. कवितेची चिरफाड शिकायला ही उत्तम जागा, कारण इथे देवालाही आधी साच्यातून यावे लागते. सरावासाठी कारखान्याच्या दारावर लावण्याजोग्या दोन ओळी मीच जुळवून देतो:

मुला, हात लावू नको, रंग ओला
गणेशास अद्याप नाहीच डोळा

प्रथम अर्थ बाजूला ठेवा. त्याच्याकडे लक्ष गेले की मोजणी चुकते. ऱ्हस्व अक्षर लघू, दीर्घ ते गुरू. 'रंग'मधला 'रं' अनुस्वारामुळे गुरू. 'अद्याप'मधला 'अ' ऱ्हस्व खरा, पण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो, म्हणून तोही गुरू. 'तुझ्या'तला 'तु' मात्र लघूच, कारण तिथे आघात नाही. असे का, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्ही शब्द मोठ्याने म्हणायला लावावे आणि आपण खिडकीबाहेर पाहावे.

आता तीन-तीन अक्षरे तोडा: मुलाहा, तलावू, नकोरं, गओला. शब्दांची हाडे मोडली तरी हरकत नाही. प्रत्येक तुकडा लघू-गुरू-गुरू, म्हणजे य गण. चार य झाले की भुजंगप्रयात. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तातले, त्यामुळे ओळ वाचताना आवाज आपोआप उपदेशाचा होतो. नुसते 'गणेशा' चारदा म्हटले तरी वृत्त निर्दोष भरते! ती कविता झाली का, असे कुणी विचारलेच तर माधव जूलियनांचा 'छंदोरचना' ग्रंथ टेबलावर ठेवावा. त्याची जाडी पाहून वाद मिटतो.

यमक: ओला–डोळा. ल आणि ळ वेगळे, म्हणून पंडित नाक मुरडतील. गाणाऱ्याला चालते. मलाही चालले.

खरी मौज अलंकारांत. सर्वसाक्षी देवाला डोळा नाही, म्हणजे विरोधाभास! कुणी व्याजस्तुती म्हणेल, कुणी त्यात समाजाच्या आंधळेपणाचे रूपक काढेल. कारागीर सांगेल की डोळ्यांची आखणी रंगकामाच्या शेवटी होते, ती अजून व्हायची आहे. मग निराश होऊन 'स्वभावोक्ती' लिहावे. जे आहे तसे सांगणे हाही आपल्याकडे अलंकारच, आणि त्याचे गुण पूर्ण मिळतात.

शेवटी वेळ उरला तर ओळींचा अर्थ वाचा आणि मूर्तीवरचा हात काढा.