आमटी सांडली, रंग चढला

“अगं, त्या डाळिंबाच्या साली कचऱ्यात टाकू नकोस! कुंपणावरून इकडे दे.”

“काढा करताय का काकू?”

“काढा कसला, रंग! काकांचं कुलूहून आणलेलं पांढरं लोकरी जाकीट आहे ना, त्याच्यावर आमटी सांडली. रिठ्याच्या पाण्यात धुऊन तेल काढलं. तेलकट राहिलं तर रंग धरत नाही. पण पिवळा डाग जागचा हलेना. म्हटलं, सगळंच पिवळं करू.”

“कोपऱ्यावरच्या आजींनी नातवाचा स्वेटर कांद्याच्या सालीत रंगवला होता म्हणे?”

“रंग सुरेख आला हो! पण गरम पातेल्यातून काढला तो थेट नळाच्या गार पाण्याखाली, वर खसाखसा चोळला. लोकरच ती, आटून नमदा झाला. सध्या बोका झोपतो त्यावर.”

“अगंबाई!”

“माझं तसं नाही. आधी तुरटी, चारशे ग्रॅमच्या जाकिटाला पन्नास ग्रॅम. साली मात्र जाकिटाच्या वजनाइतक्या लागतात, म्हणून तर तुझ्या दारात उभी आहे. जाकीट रात्रभर भिजवायचं, नाहीतर शिवणीच्या जाड घडीत रंग शिरत नाही. मग कोमट पाण्यात सोडायचं, हळूहळू तापवायचं, उकळी म्हणून फुटू द्यायची नाही. आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. पातेलं बाद केलेलं स्टीलचं हं. लोखंडी कढईत केलंस तर सगळं काळपट होतं.”

“आणि शिवणीचा दोरा?”

“तो राहणार पांढराच. आतून एक धागा काढून जाळून बघितला. केस जळल्याचा वास नाही, वितळून गोळी झाली. पॉलिएस्टर! त्याला साली काय करणार? विचारलंच कुणी तर मुद्दाम ठेवलेली टीप म्हणायची. अस्तर, बकरम काही नाही ते बरं. तसला कोट मी टोपात घालणारच नाही. कापड एकीकडे आटतं, बकरम दुसरीकडे.”

“इतकं कशाला काकू? हळदीतच बुडवा की.”

“छे! हळद उन्हात टिकते का? दोन दिवस वाळत घातलं की उडते.”

“मग... तो डागही हळदीचाच ना?”

“...”

“नुसतं उन्हात घातलंत तर?”

“हळू बोल गं, काका ओसरीवर आहेत. ते पांढरं मला पहिल्यापासून आवडत नाही. साली दे तू!”