दुसरा फ्लॅट : एक मार्गदर्शन

पहिला फ्लॅट माणूस राहायला घेतो, दुसरा साडूने घेतला म्हणून घेतो. हे कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, पण पुण्याच्या पश्चिमेला बाणेर, वाकड, हिंजवडीपर्यंत उभ्या राहिलेल्या इमारतींतले कितीतरी मजले याच कारणावर उभे आहेत. तेव्हा साडूला फ्लॅट आहे आणि आपल्याला नाही, एवढी पात्रता असेल तर होतकरू घरमालकाने पुढे वाचावे.

पहिला नियम : हिशेब करू नये. करायचाच झाला तर घर घेऊन झाल्यावर करावा, म्हणजे निर्णय बदलण्याचा धोका राहत नाही. उदाहरणार्थ, समजा फ्लॅट एक कोटीचा. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे सात लाख, वर नोंदणीचे तीस हजार. भाडे येईल महिना तीस हजार. वर्षाचे तीन लाख साठ हजार झाले की माणूस लगेच खूश होतो. त्यातून एक महिना घर रिकामे राहिले, एक महिन्याचे भाडे एजंटने नेले, सोसायटीचा मेंटेनन्स महिना चार हजार आणि मिळकतकर वर्षाला पंचवीस हजार धरला, तर हातात राहतात सव्वादोन लाख आणि वर थोडी चिल्लर. एक कोटी सात लाखांवर हे दोन टक्के आणि थोडे. याहून जास्त व्याज बँकेची मुदत ठेव देते, आणि ठेवीचा नळ कधी गळत नाही.

कर्ज काढले असेल तर आणखी मौज आहे. ऐंशी लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे : हप्ता साधारण एकोणसत्तर हजार चारशे. ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हा मंत्र म्हणणाऱ्याने भाडे तीस हजार आहे हे त्याच श्वासात सांगू नये. कोणी विचारलेच तर ‘भाव वाढतील ना!’ असे म्हणून विषय संपवावा. भाव खरोखरच वाढतातही. पण मग तुम्ही भाड्याच्या उत्पन्नासाठी नव्हे, भाववाढीच्या आशेवर पैसे लावले, एवढे स्वतःशी तरी कबूल करावे.

जागा बघताना माहितीपत्रकातली ‘हिंजवडीपासून दहा मिनिटे’ नीट समजून घ्यावीत. ही मिनिटे रविवारी पहाटेची असतात. सोमवारी सकाळी नऊ वाजता स्वतः गाडी घालून बघावी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प शोधावा, कार्पेट एरिया वाचावा आणि मग विक्री कार्यालयातल्या गोड मुलीला वगळून शेजारच्या इमारतीच्या वॉचमनला गाठावे. त्याला एकच विचारावे : टँकर कुठल्या महिन्यापासून लागतात? ‘बारा महिने’ असे उत्तर आले तर त्याला चहा पाजून परत फिरावे. त्याने तुमचे एक कोटी वाचवले आहेत.

आता भाडेकरू. आदर्श भाडेकरू अविवाहित असावा, म्हणजे मुले भिंतीवर चित्रे काढणार नाहीत. आणि विवाहित असावा, म्हणजे पार्ट्या होणार नाहीत. पगार भरपूर असावा, पण स्वतःचे घर घेण्याइतका नको. त्याने रोज घरी जेवावे, मात्र फोडणी देऊ नये. दिवसभर बाहेर असावा, पण कुरियर घ्यायला घरी असावा. असा माणूस सापडेपर्यंत फ्लॅट रिकामा ठेवण्याची घरमालकांत जुनी परंपरा आहे, आणि दर रिकाम्या महिन्याला तीस हजारांची दक्षिणा पडते. फोनवर आडनाव ऐकताच ‘अरेरे, आत्ताच गेला हो फ्लॅट’ म्हणायचीही एक परंपरा आहे. तिला मात्र या मार्गदर्शिकेत जागा नाही. ती नुसती लाजिरवाणी गोष्ट आहे.

करार अकरा महिन्यांचाच का, असे विचारणाऱ्याकडे घरमालक दयेने बघतो. अकरा महिने म्हणजे नोंदणी नको, अशी त्याची श्रद्धा असते. या श्रद्धेला १९०८ च्या नोंदणी कायद्याचा आधार आहे, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी तो कायदा सक्तीची करतो. महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून लागू असलेला भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मात्र वेगळे सांगतो. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याहून मोठी गंमत पुढे आहे : नोंदणीकृत करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते खरे, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. म्हणजे हजार रुपयांची नोंदणी फी आणि थोडेसे मुद्रांक शुल्क वाचवणारा मालक आपल्या घराच्या अटी लिहिण्याचा हक्क भाडेकरूला फुकट देऊन टाकतो. हल्ली एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, नोंदणी चहा निवण्याआधी होते. उलट करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

जुन्या माणसांची भीती मात्र खोटी नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या गोठलेलीच राहिली. चाळीच्या मालकाला भाड्यातून जिन्याचा कठडासुद्धा बदलता येईना. ‘भाडेकरू ठेवला की घर गेले’ हे वाक्य तिथून आले. आपण ते वाक्य अजून वापरतो, कारण त्याने अनामत रक्कम वाढवून मागता येते.

सोसायटीकडे जाताना नम्र असावे, पण दहा हा आकडा पाठ असावा. बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ पासूनचा आदेश आहे. सेवाशुल्क तीन हजार असेल तर हे झाले तीनशे. सेक्रेटरी दोन हजार मागत असतील तर आदेशाची प्रत काढून द्यावी. त्यानंतर तुमच्या पार्किंगमध्ये काय काय ठेवले जाईल, याची जबाबदारी या मार्गदर्शिकेवर नाही.

यानंतरचा काळ व्यवस्थापनाचा. त्याची सुरुवात रात्री पावणेअकराला ‘काका, गिझर चालत नाहीये’ या फोनने होते. येथे नवखा मालक ‘तुम्हीच काहीतरी बिघडवलं असेल’ म्हणतो. अनुभवी मालक ‘उद्या बघतो’ म्हणतो आणि बघत नाही. दोघांचेही भाडेकरू वर्षभरात जातात, म्हणजे पुन्हा एजंट, पुन्हा रिकामा महिना. दोन हजारांच्या गिझरदुरुस्तीपायी साठ हजार घालवण्याची ही पद्धत इतकी सर्वमान्य आहे, की तिच्याविरुद्ध बोलणारा शत्रूच वाटतो. तरीही सांगतो : एक चांगला प्लंबर आणि एक चांगला इलेक्ट्रिशियन जोडून ठेवा, त्यांचे नंबर भाडेकरूला द्या आणि बिल तुम्ही भरा.

अनामत रक्कम हा सर्वांत नाजूक विषय. ती भाडेकरूची आहे, आपल्याकडे फक्त ठेवायला दिली आहे, हे करारात स्वच्छ लिहिलेले असते. मालक ती पहिल्याच महिन्यात मोड्युलर किचनच्या हप्त्याला देतो. मग भाडेकरू निघतो तेव्हा मालकाला भिंतीतले खिळे अचानक दिसू लागतात. चार वर्षे राहून गेलेल्याकडून संपूर्ण घराच्या रंगाचे पैसे कापणे म्हणजे वापरलेल्या चपलेची झीज मोचीकडे मागणे. रक्कम वेगळ्या खात्यात ठेवलेली असली की खिळे आपोआप लहान दिसतात.

उरला कर. स्वतःच्या राहत्या घराला पुणे महापालिका मिळकतकरात चाळीस टक्के सवलत देते. घर भाड्याने दिले की ती जाते, म्हणून काही जण कागदोपत्री तिथेच राहतात आणि एकाच वेळी दोन घरी झोपतात. आयकर खाते मात्र उदार आहे. पालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातले तीस टक्के दुरुस्तीबिरुस्तीला गेले असे ते धरून चालते आणि एकही पावती मागत नाही. कर्जाचे व्याज भाड्याहून जास्त झाले तर जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, नव्या प्रणालीत होत नाही. कर्ज काढण्यापूर्वी आपण कुठल्या प्रणालीत आहोत ते बघावे.

आणि भाडे रोखीत घेतो, कुणाला कळतंय, असे वाटत असेल तर एवढे लक्षात असू द्या : वर्षाला एक लाखाहून जास्त भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची तर नोकरदार भाडेकरूला घरमालकाचा पॅन कंपनीत द्यावाच लागतो. ती सूट तुमचा भाडेकरू घेत असेल, तर तुमचा पॅन तिथे केव्हाच पोचलेला आहे.