सत्तर रुपयांचं भांडण

ऐकलंत का? आमच्या धाकट्या भावजींनी घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. वाटणीवरून नाही, सासूबाईंच्या पाटल्यांवरून नाही, राजकारणावरून तर नाहीच. सत्तर रुपयांवरून! तेही 1988 सालचे, तेही दुसऱ्याचे, आणि तो दुसराही खरा माणूस नाही.

विश्वास सरपोतदार. 'अशी ही बनवाबनवी'मधले घरमालक. सुधीर जोशींनी रंगवलेले. मधुमेहाचं औषध इस्राएलहून मागवतो म्हणून भाडेकरू धनंजय माने त्यांच्याकडून सत्तर रुपये घेतो, आणि मग औषध आणणारा मित्रच वारल्याचं सांगून त्या मित्राबरोबर पैशांवरही पाणी सोडायला लावतो. महाराष्ट्रात या प्रसंगाला हसला नाही असा माणूस मला तरी भेटलेला नाही. आमचे भावजी तर सर्वांत मोठ्याने हसायचे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा व्हिडिओ कॅसेट आणून सिनेमा पाहायची पद्धत होती. हा प्रसंग आला की भावजी कॅसेट मागे फिरवायचे, इतक्या वेळा की पट्टीच्या तेवढ्या तुकड्यावर पांढऱ्या रेघा आल्या होत्या.

तेच भावजी परवा ग्रुपवर लिहितात, "सरपोतदारांची बाजू कुणी कधी ऐकूनच घेतली नाही."

झालं. नणंदेची मुलगी, आमची भाची, हिंजवडीला नोकरी करते. ती लगेच उतरली मैदानात. मामा, तो खडूस म्हातारा होता. मामा म्हणाले, म्हातारा आजारी होता आणि फसवला गेला होता. मग त्यांनी हिशोबच टाकला: 70 रुपये, आठ टक्के चक्रवाढ व्याज, 1988 ते 2024 अशी 36 वर्षं, होतात 1118 रुपये. खाली ओळ, "परत केले का?" खाली भाचीची ओळ, "कुणी? वारलेल्या मित्राने?" आमचे हे त्याच सुमारास ग्रुपवर गुड मॉर्निंगचं गुलाबाचं फूल टाकून मोकळे झाले. यांना काही कळतच नाही.

बरं, हे वेड आमच्याच घराला लागलंय म्हणावं तर तसंही नाही. हा सिनेमा लोक आता पाहत नाहीत, पारायणं करतात. मग, ज्ञानेश्वरीवर कीर्तनकार भिडतात तसे, एकेका वाक्यावर भिडतात. टीशर्ट निघाले, चहाचे मग निघाले, स्टिकर निघाले. 2024च्या जानेवारीत अशोक सराफांना, म्हणजे सिनेमातल्या मानेंना, महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तेव्हा माझ्या फोनवर आलेली अभिनंदनं बहुतेक सगळी धनंजय मानेंच्या पत्त्यावर होती. आमच्या जाऊबाई तर लक्ष्मी रोडला जाऊन माधुरी मॅडमच्या, म्हणजे अश्विनी भावेंच्या, त्या लिंबू कलरच्या साडीसारखी साडी मागून आल्या. दुकानदाराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सिनेमातला लिंबू की बाजारातला?" त्याच्याकडे दोन गठ्ठे वेगळे होते म्हणे! जाऊबाईंनी सिनेमातला घेतला. हळदीकुंकवाला नेसल्या तर चौघींनी चार वेगळी मतं दिली. एकीने मोबाइलवर प्रसंग थांबवून पदराशी रंग ताडून पाहिला. वाण राहिलं बाजूला.

भाचीचे तर सिद्धान्त असतात. पहिला असा, की खोली सुटल्यावर माने मंडळी बायकांची सोंगं घेऊन ज्यांच्या बंगल्यात राहतात, त्या लीलाबाई काळभोरांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. पार्वती बनलेल्या परशाचे, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेचे, ते खांदे, तो आवाज, ती चाल. बंगल्याच्या मालकिणीला कळत नाही होय? एकट्या बाईला घर भरलेलं हवं होतं, म्हणून तिने पार्वतीला पार्वती म्हणायचं ठरवलं. एवढंच काय, डोहाळजेवणही करून टाकलं. मला आधी हे ऐकून हसूच आलं. पण मग रात्री झोप येईना. लीलाबाईंच्या भूमिकेतल्या नयनतारा डोळ्यांपुढे आल्या आणि मी उठून तो प्रसंग पुन्हा पाहिला. आता मला डोहाळजेवणाचं ते गाणं पूर्वीसारखं नुसतं विनोदी वाटत नाही, याचं पाप भाचीच्या माथी.

दुसरा सिद्धान्त ऐका. बालगंधर्वांचा जन्म 1888 चा. पुरुषांनी लुगडं नेसून महाराष्ट्राला वेड लावायची परंपरा तिथपासून धरा. पार्वती आणि तिच्या जोडीचं दुसरं सोंग सुधा पडद्यावर आल्या 1988 ला. बरोब्बर शंभर वर्षं! भाचीच्या मते हा योगायोग नाही. तिच्याच ऑफिसातल्या एकीच्या मते मात्र पुरुषाला साडी नेसवून हसायचं हेच आता बघवत नाही. दोघी जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर वेगवेगळ्या टेबलांवर बसल्या.

शहाण्या माणसांनी मध्ये पडून सांगितलं, अगं, गोष्टच मुळात आपली नाही. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' आला 1966 ला, आणि त्याच्याही आधी 1955 चा बंगाली 'जय मा काली बोर्डिंग' होता. भाची म्हणाली, असू दे. माहेर बंगालचं असलं तरी ही सून पुण्यात नांदली, संवाद लिहिणाऱ्या वसंत सबनिसांनी तिला मराठी बोलायला शिकवलं. आता काय बोलणार?

पण खरा धुरळा उडाला तो कायद्यावरून.

भावजींनी पंचवीस वर्षांपूर्वीचं कुठलंसं पुस्तक काढलं आणि ग्रुपवर पानांचे फोटो टाकायला सुरुवात केली. 1988 ला पुण्यात लागू होता 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. भाडी गोठलेली, भाडेकरू पक्का. त्याला काढायचं तर कोर्टात कारण सिद्ध करावं लागायचं आणि त्यात घरमालकाची हयात जायची. नवा कायदा झाला 1999 ला. म्हणून, भावजी लिहितात, त्या काळचे घरमालक चिडके नव्हते, घाबरलेले होते. पुण्यातल्या कित्येक वाड्यांमध्ये भाडं इतकं कमी होतं की मालकाला कौलं बदलायला परवडायचं नाही.

भाची गप्प बसेल असं वाटलं. तिने अर्ध्या तासाने लिहिलं, "मामा, मग मानेंनी खोली सोडलीच का? कोर्टात गेले असते तर सरपोतदारांना वीस वर्षं हलवता आलं नसतं."

ग्रुपवर सन्नाटा! कारण मुलीचं चुकत नव्हतं. माने कोर्टात गेले असते तर ना पार्वती झाली असती, ना सुधा, ना लीलाबाईंचा बंगला. तारखा पडत राहिल्या असत्या आणि आपण कॅसेट दुकानात परत दिली असती.

भावजींनी रात्री अकराला उत्तर दिलं, कलम तेरासकट. घरमालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवणं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना उपद्रव देणं ही दोन्ही खोली खाली करून घेण्याची कारणं होती, आणि मानेंच्या खोलीत माणसं वाढत गेली की नाही? भाची म्हणाली, शंतनू सख्खा भाऊ, तो पोटभाडेकरू कसा? भावजी म्हणाले, आणि परशा? परशा कोण लागतो मानेंचा? भाची म्हणाली, पाहुणा. भावजी म्हणाले, पाहुणा किती दिवस असतो ते मला विचार. इथे नणंदेने हे आपल्या गेल्या दिवाळीतल्या मुक्कामाबद्दल आहे असं धरलं, आणि त्यापुढचं काही मी लिहीत नाही. भावजी बाहेर पडले ते तेव्हा.

आता मला सांगा, कॅसेट मागे फिरवून हसणारा माणूस सरपोतदारांचा वकील कधी झाला? मी हिशोब लावला. भावजींनी कोथरूडला दुसरा फ्लॅट घेतला 2009 ला. 'बनवाबनवी'ची हिंदी नक्कल 'पेइंग गेस्ट्स' आली तीही त्याच साली, ती पाहून ते पहिल्यांदा म्हणाले होते, "या भाडेकरूंनी जरा अतिच केलं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या फ्लॅटमध्ये आयटीतली तीन पोरं राहायची. त्यांनी बाथरूमच्या फरशीला भोक पाडलं होतं, कशाने ते अजून कुणाला माहीत नाही. फरशी बदलून झाली त्या आठवड्यात भावजींनी सिनेमा पुन्हा लावला आणि सरपोतदारांच्या प्रवेशाला हसले नाहीत. जाऊबाईंनी शपथेवर सांगितलंय.

आणि भाची? तिच्याकडे जाहिरातींचे स्क्रीनशॉट आहेत. फक्त फॅमिली. फक्त शाकाहारी. मुलींना चालेल, पण मित्र आणायचे नाहीत. महिन्याचं भाडं, वर दोन महिन्यांची अनामत, वर दलालाचा एक महिना. अकरा महिन्यांचा करार, बारावा महिना लागायच्या आत पुन्हा सगळं पहिल्यापासून. तिला आणि मैत्रिणीला गेल्या वर्षात तीन घरं बदलावी लागली. ती माने आणि मंडळींना फसवे म्हणायलाच तयार नाही.

शेवटचं ऐका, मग मी कुकर लावते. गेल्या आठवड्यात भाचीचं चौथं घर सुटलं. आणि भावजींचा कोथरूडचा फ्लॅट दिवाळीपासून रिकामा. दोघांनी मधे मला घातलं, एकमेकांशी बोलणं बंद ना! मी फोनवरून इकडचं तिकडे केलं. भाडं ठरलं, मैत्रिणीचं नाव घातलं, रात्री दहानंतर गाणी म्हणायची नाहीत ही अट भावजींनी हाताने लिहिली. काल कराराचा मसुदा आला. मी चष्मा लावून वाचला. अनामत रक्कम रुपये 50,070 फक्त.

भाचीने एक शब्द न विचारता सही केली.