ग्रीसचा बचत गट

(सडक अर्जुनी. चहाची टपरी. निवृत्त मास्तर, धानवाला शेतकरी, विदर्भवादी आणि बचत गटाच्या अध्यक्ष ताई. मास्तरांना अख्खा युरोप कळतो. स्वतःच्या पेन्शनचा फरक अजून कळायचा आहे.)

मास्तर : 2009 साली ग्रीसनं खरी तूट सांगितली अन् युरोप हादरला. नोट एक, तिजोऱ्या वेगवेगळ्या!

ताई : म्हणजे आमच्या गटासारखंच. एकीनं हप्ता बुडवला का बँक सगळ्यांच्या दारात.

मास्तर : तिथं उलटं लिहून ठेवलेलं. कोणी कोणाचं कर्ज फेडायचं नाही.

ताई : मंग गट कशाले केला जी?

मास्तर : त्यावरच रात्ररात्र बैठका झाल्या. शेवटी मे 2010 मध्ये 110 अब्ज युरोची मदत ठरली.

शेतकरी : बाप्पा! चंगळ झाली ग्रीसवाल्याची.

मास्तर : कसली चंगळ! बराचसा पैसा जुन्या सावकारांकडं गेला. त्यात जर्मन अन् फ्रेंच बँका. वर म्हाताऱ्यांची पेन्शन कापली.

शेतकरी : म्हणजे नवं-जुनं केलं म्हना.

विदर्भवादी : म्हणूनच म्हणतो, बाहेर पडा!

मास्तर : 5 जुलै 2015 ला ग्रीसनं मतदान घेतलं. अटी नकोत, असं 61 टक्के लोकांनी सांगितलं.

विदर्भवादी : शाब्बास! मग निघाले ना?

मास्तर : आठवडाभरात आणखी कडक अटींवर राजी झाले. बँका बंद, एटीएममधून दिवसाला 60 युरो.

शेतकरी : आपन नाही का, 2016 च्या नोव्हेंबरात दोन हजारासाठी उभे होतो! तिथं कोनाले क्रांती सुचते?

विदर्भवादी : पण इंग्लंड गेलं!

मास्तर : गेलं. 2016 ला ठरवलं, 31 जानेवारी 2020 ला बाहेर. पण त्यांचा पाउंड पहिल्यापासून वेगळा. ग्रीसकडं घरची नोटच उरली नव्हती.

ताई : जिचे पैसे येगळ्या डब्यात, तेच बाई गटातून उठते. बाकीच्यांचं पुढं का होईल?

मास्तर : कोरोनात त्यांनी 750 अब्ज युरोपर्यंत मिळून कर्ज काढायचं ठरवलं. 2023 ला क्रोएशियानं तर उलट युरो घेतला.

ताई : आता कुठं गट झाला. हप्ता थकू द्या, मंग पाहू.

विदर्भवादी : युरोपचं सोडा! आमचं काय? 1953 चा नागपूर करार. 1955 ला फाजल अली आयोगानं वेगळा विदर्भ सुचवला. तरी 1960 ला महाराष्ट्रात! वीज आमची, कोळसा आमचा, जंगल आमचं!

शेतकरी : वीज आपली, तर धानाच्या पंपाले रातच्यालेच कायले येते?

विदर्भवादी : मुंबईमुळं!

शेतकरी : अन् धानाचा बोनस?

विदर्भवादी : (चहा फुंकत) तोही... मुंबईहूनच.

मास्तर : फरक इथंच आहे! आपल्याकडं रेशन, रोजगार हमी, हमीभाव. ग्रीसला अडचणीत मिळालं ते कर्ज.

विदर्भवादी : वेगळं राज्य झालं की हे सगळं नागपूरहून येईल.

ताई : नागपूर का जवळ आहे? 1999 ला आपन भंडारा जिल्ह्यातून फुटलो, तेही महाराष्ट्र दिनालेच. जिल्हा जवळ आला म्हनतात, हेलपाटे तेवढेच.

विदर्भवादी : मग काय, सडक अर्जुनीच वेगळी काढायची?

शेतकरी : काढू ना जी. पन आधी बोनस खात्यात पडू द्या.