तुकडा नेमका कोणाचा?

"क्ष-किरण तपासणीत अर्जदाराच्या उजव्या मांडीत धातूचा तुकडा असल्याचे दिसून येते. तथापि, सदर तुकडा शत्रूचाच असल्याबाबत कोणताही पुरावा अर्जासोबत जोडलेला नाही. सबब त्रुटीची पूर्तता करावी."

माजी सैनिक आबांच्या नावानं युद्धात जखमी झालेल्यांच्या पदकासाठी अर्ज गेला, त्याला आलेल्या उत्तराचा हा पहिला परिच्छेद. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. सरकारी पत्रात असं झालं की समजावं, मजकूर विचारपूर्वक लिहिलाय.

आणि कचेरीनं बरंच काही मान्यही केलंय, उगाच नावं ठेवू नयेत. आबा १९७१ साली फौजेत होते, मान्य. पश्चिम आघाडीवर होते, तेही मान्य. पश्चिमी स्टार छातीवर आहे आणि तो घरबसल्या मिळत नाही. मांडीत लोखंड आहे, हेसुद्धा मान्य. फक्त या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुणी परस्पर गृहीत धरू नये. माणूस लढाईला जातो. माणसाच्या मांडीत लोखंड सापडतं. योगायोग म्हणून काही चीज आहे की नाही? शिवाय आबा पडले सातारा जिल्ह्यातले. तिकडे ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, बैलगाड्या आहेत. चरकाचा एखादा दात उडून आबांच्या मांडीत गेला असेल आणि त्यांना तो तोफेचा वाटला असेल, ही शक्यता कचेरीनं सोडून कशी द्यायची?

झालं ते साधं होतं. आबांचं काम टेलिफोनच्या तारा ओढायचं. डिसेंबर १९७१, शकरगढचा भाग, बसंतर नदीचा काठ. तोफांचा मारा सुरू झाला की सगळ्यात आधी तुटते ती तार, आणि बाकीचे खंदकात डोकं खाली घालून बसलेले असताना ज्याला बाहेर पडावं लागतं तो लाइनमन. आबा बाहेर पडले. अंधारात तार हातातून सरकवत तुटल्या जागेपर्यंत गेले, जोड मारला, आणि परत फिरताना मांडीत काहीतरी तापलेलं शिरलं. शेजारच्या पल्टनीचा डॉक्टर जवळ होता. त्यानं टॉर्चच्या उजेडात जखम धुतली, हाताला लागले ते तुकडे काढले, पट्टी आवळली आणि विचारलं, मागं पाठवू का? आबा म्हणाले, "नको साहेब, लाइन परत तुटंल."

इथंच आबांनी घात केला स्वतःचा. शहाण्या माणसानं म्हणायचं होतं, "साहेब, लाइन राहू द्या. आधी तीन प्रतींत दाखला द्या. त्यात शत्रूचं नाव, तोफेचा नंबर आणि तुकड्याचं वजन टाका." आबा उजाडायच्या आत आपल्या जागेवर हजर. त्यामुळे त्यांच्या पल्टनीच्या हजेरीत ते धडधाकट. आणि नोंद कुठं झालीच असली, तर ती शेजाऱ्यांच्या वहीत. परत ड्यूटीवर आलेला माणूस जखमी नसतो. लंगडत आला, हे लिहायला हजेरीपटात रकाना नसतो.

आता पुराव्याचं बघू. तुकडा शत्रूचाच कशावरून? प्रश्न वरवर वाटतो तेवढा बावळट नाही. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा इंग्रजांच्या फौजेचीही वाटणी झाली. माणसं वाटली, ट्रक वाटले, तोफा वाटल्या. २५ पाउंडर नावाची तोफ दोन्हीकडे गेली आणि १९७१ मध्ये ती दोन्ही बाजूंनी धडधडत होती. म्हणजे आबांच्या मांडीतला तुकडा उद्या प्रयोगशाळेत नेऊन कापला, घासला, भिंगाखाली धरला, तरी तो एवढंच सांगेल की माझं घराणं विलायतेचं. कुठल्या भावाच्या वाटणीतून आलो, ते विचारू नका. कचेरीच्या डोक्यात हाच पेच असणार. त्यावर उपाय एकच. गोळा टाकणाऱ्यानं गोळ्यासोबत पावती पाठवायला हवी होती. तीन प्रतींत. पांढरी प्रत जखमीला, पिवळी त्याच्या पल्टनीला, गुलाबी गोळा टाकणाऱ्याच्या दप्तरी. गोळ्याचा बॅच नंबर, सोडल्याची वेळ, पोचल्याची वेळ, 'माल सुस्थितीत मिळाला' अशी जखमीची सही, आणि रक्तानं सही पुसट झाली असल्यास डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. २५ पाउंडर मारते बारा किलोमीटरवरून. तेवढ्या अंतरावरून पावती सोबत पाठवणं अवघड आहे, कबूल, पण मागाहून टपालानं पाठवायला काय हरकत होती? तो तोपची आज हयात असेल तर तोही ऐंशीकडे झुकला असेल. त्याला गाठावं, नोटरीसमोर उभं करावं, आणि "मी शपथेवर लिहून देतो की सदर रात्री मी सोडलेल्या गोळ्यांपैकी एकाचा तुकडा अर्जदाराच्या उजव्या मांडीत गेला असून त्यावर माझा कोणताही हक्क, दावा वा बोजा नाही" असं लिहून घ्यावं. त्यानं अर्जदाराला पाहिलं नव्हतं, ही किरकोळ त्रुटी. ती नंतर पूर्ण करता येईल.

हे सगळं मी आबांना समजावून सांगितलं. आबा म्हणाले, "आवं, त्यो लांबनं टाकत हुता. नाव-गाव इच्यारायला जवळ कवा आला?"

अर्जात पुढचा रकाना आहे घटनास्थळाचा. गाव, तालुका, जिल्हा. नातीनं विचारलं आणि आबांनी सांगितलं ते तिनं भरलं: तालुका शकरगढ, जिल्हा सियालकोट. १९७१ साली ते अगदी बरोबर होतं. पण १९९१ मध्ये तिकडच्या सरकारनं नारोवाल नावाचा नवा जिल्हा काढला आणि शकरगढ त्यात टाकलं. म्हणजे आबांची जखम आता जिल्हा बदलून बसलीय, आणि अर्जातला पत्ता चुकीचा ठरायला वाव आहे. घटनास्थळाचा पंचनामा हवा तर तीही सोय राहिली नाही. ती जमीन काही महिने आपल्या ताब्यात होती, पंच नेऊन बसवता आले असते. सिमला करार झाला २ जुलै १९७२ ला, आणि जिंकलेला तो भाग आपण परत दिला. विहिरी परत गेल्या, उसाची शेतं परत गेली. एवढा एक तुकडा परत द्यायचा राहिला, तो आबा अंगावर वागवत हिंडतायत. कराराच्या पूर्ततेत तेवढी त्रुटी राहिली, असं कचेरीनं कळवलं नाही हे त्यांचे उपकार.

तिसरा रकाना, 'विलंबाचे कारण'. पन्नास वर्षं काय करत होता? प्रश्न रास्त आहे. लढाई १९७१ ची आणि युद्धात जखमी झालेल्यांसाठीचं पदक, ज्याला पराक्रम पदक म्हणतात, ते सुरू झालं १९७३ मध्ये. दूरदृष्टीचा सैनिक असता तर दोन वर्षं थांबून जखमी झाला असता. आबा थांबले नाहीत. १९७६ मध्ये वडील गेले, घरी जमीन पडून, पाठची भावंडं लहान, म्हणून स्वतःहून अर्ज करून घरी आले. पेन्शन बसण्याइतकी नोकरी झालीच नव्हती. मांडीतलं लोखंड थंडीत ठणकायचं, तेव्हा हळद-तेल लावायचे. परवा गुडघा धरला म्हणून डॉक्टरनं एमआरआय लिहून दिला. तिथल्या विशीतल्या पोरानं अंगात धातू आहे का विचारलं, आबांनी हो म्हटलं, आणि त्या पोरानं त्यांना यंत्राच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही. आत चुंबक आहे बाबा, तुकडा हलला तर जबाबदार कोण? त्यानं साक्षीदार मागितला नाही, दाखला मागितला नाही. बारावीनंतर कसलासा डिप्लोमा केलेल्या त्या पोराला जे एका वाक्यात पटलं, ते पटवून घ्यायला कचेरीत वर्ग एकचे दोन साहेब कमी पडले. पोरगं म्हणालं, "आजोबा, साधा एक्स-रे काढा." तो एक्स-रे नातीनं पाहिला आणि अर्ज तिनं केला. पैशासाठी नाही. पदकासोबत कागद येतो आणि त्या कागदावर आजोबाचं नाव येतं, एवढ्यासाठी.

तसं आबांचं नाव गावात कमी घेतलं जात नाही. १५ ऑगस्ट आला की शाळेच्या पटांगणात पहिली खुर्ची त्यांची. शाल, श्रीफळ, फेटा. सूत्रसंचालन करणारे गुरुजी दरवर्षी आवाज चढवून सांगतात, "ज्यांच्या मांडीत आजही शत्रूचा तोफगोळा आहे!" तुकड्याचा गोळा होतो, पण तो शत्रूचा असतो, याबद्दल माईकवर कुणाला शंका नसते. बाजूला साहेब बसलेले असतात, तेही टाळ्या वाजवतात. फ्लेक्सवर आबांचा फोटो असतो, नखाएवढा, पुढाऱ्याच्या कोपराखाली. तिथं कुणी एक्स-रे मागत नाही. गावापुरता तुकडा शत्रूचा, कचेरीपुरता बेवारस. भाषणासाठी जखम चालते, कारण भाषणाचं लेखापरीक्षण होत नाही.

इथवर मी हसत होतो. मग त्या पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला. त्यात लिहिलंय की, अर्जदार निवृत्तिवेतनधारक नसल्यामुळे त्याच्या सेवेचे कागद नियमानुसार पंचवीस वर्षं जतन करून नंतर नष्ट करण्यात आले आहेत. आणि लगेच खाली, अर्जदाराने मूळ कागदपत्रे सादर करावीत.

नियम आहे, मला ठाऊक आहे. ज्याला पेन्शन नाही त्याचे कागद पंचवीस वर्षं ठेवायचे आणि मग जाळायचे. आबा ७६ साली घरी आले, म्हणजे २००१ पर्यंत त्यांची कुंडली कुठल्यातरी कपाटात होती आणि मग गेली. जाळायच्या आधी एका कार्डानं कळवलं असतं, की बाबा रे, तुझे कागद जाळतोय, काही हवं असेल तर घेऊन जा, तर टपालाचा किती खर्च आला असता? नाही कळवलं. ठेवायचे तुम्ही, जाळायचे तुम्ही, आणि मागायचे मात्र त्या म्हाताऱ्याकडे! मांडीत आहे ते त्यानं पन्नास वर्षं सांभाळलं. तुम्हाला चार कागद सांभाळता आले नाहीत. आणि ज्यांच्या अंगावर कधी ओरखडा उठला नाही, त्यांच्या फायली बघा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिक्केच शिक्के. त्यांना त्रुटीचं पत्र गेलेलं कुणी ऐकलंय? त्यांना वेळ होता. तारा जोडायला ते बाहेर पडले नव्हते.

हा माझा जुना राग आहे आणि आज तो काढून घेतो. तुमचा-आमचा शाळा सोडल्याचा दाखला हरवला, रेशनकार्ड हरवलं, जमिनीचं खरेदीखत हरवलं, की काय होतं? आधी पोलीस ठाण्यात जा. तिथला हवालदार अशा नजरेनं बघतो, जणू ते तुम्हीच चोरलंय. मग प्रतिज्ञापत्र करा. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, स्वखर्चानं. मग त्या नोटिशीचं कात्रण जोडून दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा आणि शुल्क भरा. हे सगळं आपण निमूट करतो, कारण कागद आपल्याकडून गेला, चूक आपली. पण कचेरीकडून कागद गेला, तर? 'अभिलेखात आढळून येत नाही.' संपलं. पोलिसात तक्रार नाही, प्रतिज्ञापत्र नाही, नोटीस नाही. हरवणारा ताठ मानेनं खुर्चीत, आणि ज्याचं हरवलं तो बाहेर बाकावर. एकदा तरी हा नियम उलटा लावून बघावा, असं माझ्या फार मनात आहे. कचेरीला खर्चाची अडचण असेल तर या सदराची उरलेली जागा तिच्या हवाली करतो. मजकूरही करून दिलाय, फक्त सही-शिक्का त्यांचा हवा.

जाहीर नोटीस

तमाम लोकांस कळविण्यात येते की, एका माजी सैनिकाच्या सेवेचे कागद आमच्या ताब्यात असताना आमच्याच हातून नष्ट झाले आहेत. त्यात सदर सैनिकाचा काही दोष नाही. सदर सैनिक डिसेंबर १९७१ मध्ये तोफांच्या माऱ्यात टेलिफोनची तार जोडत असताना जखमी झाला, असे त्याचे म्हणणे असून ते खोटे असल्याचा कोणताही पुरावा आमच्याकडे नाही. तरी त्याच्या मांडीतील धातूच्या तुकड्यावर कोणाही इसमाचा, गुऱ्हाळचालकाचा वा परराष्ट्राचा हक्क, हितसंबंध किंवा दावा असल्यास त्यांनी ही नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून १५ दिवसांच्या आत मूळ कागदपत्रांसह आमच्या कार्यालयात समक्ष हजर राहावे. मुदतीत हरकत न आल्यास सदर जखम शत्रूच्या माऱ्यातच झाली, असे समजून पदक घरपोच देण्यात येईल. हरकतदारांनी कार्यालयीन वेळेत यावे. दुपारी दीड ते अडीच जेवणाची सुट्टी राहील.