डॉक्टरबाईंची गाडी

विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच असते. फार तर बँक मॅनेजरची. गुंठामंत्र्यांनी, कंत्राटदारांनी आणि कॉलेजातल्या पोरांनी पिदडलेल्या गाड्या जातात कुठे, हे मला अजून कळलेलं नाही. बाजारात त्या येत नाहीत एवढं नक्की. मला मिळालेली गाडी तर लेडी डॉक्टरची होती. "सिंगल हँड आहे सर. मॅडम फक्त घर ते हॉस्पिटल. गाडी पळालीच नाहीये," असं विकणाऱ्या पोराने सांगितलं आणि ती न पळवण्याचं सगळं श्रेय माझंच असल्यासारखा मी हसलो.

मी भुललो मात्र मागच्या दारावरच्या चकचकीत अक्षरांना. टर्बो! लिफ्टमध्येसुद्धा सगळ्यात शेवटी शिरणाऱ्या, रिक्षावाल्याला 'जमेल का हो?' असं विचारणाऱ्या माणसाच्या नावावर आरटीओच्या कागदांनिशी असा शब्द लागतो, ही काय लहान गोष्ट आहे? आमच्या सोसायटीत 'गाडी रिव्हर्स लावावी' अशी पाटी आहे. मी आजवर सगळ्या पाट्यांचा मान राखत आलो. पण रिव्हर्स लावली की अक्षरं भिंतीकडे जातात. म्हणून गाडी नाकासमोर घालायची आणि वॉचमनने हटकलं की कंबरेला हात लावून 'मान वळत नाही रे' म्हणायचं, असा शिरस्ता पडला.

टर्बो म्हणजे काय, हे मी पाहुण्यांना न विचारता सांगत असे. इंजिनातून बाहेर फेकला जाणारा धूर फुकट का घालवायचा? त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन, म्हणून जास्त ताकद. कालच्या उरलेल्या भाताचा फोडणीचा भात. आणि तो ताज्या भातापेक्षा चविष्ट. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, आणि तो दांडा तेलाच्या केसाएवढ्या थरावर तरंगत असतो. इथवर आलं की पाहुणे 'निघतो आता' म्हणत.

पण ज्यांना बस चुकलेली असे त्यांना मी जेटफायरची गोष्ट सांगे. तुम्हालाही सांगतो, तुमची काही सुटका नाही. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबील कंपनीने जेटफायर नावाची मोटार काढली. टर्बो घालून कारखान्यातून बाहेर पडलेल्या जगातल्या पहिल्या दोन मोटारींपैकी एक. साडेतीन लिटरचं इंजिन, २१५ घोड्यांची ताकद. आता एवढी हवा कोंबली की पेट्रोल भलत्या वेळी पेटून इंजिन ठोकायला लागतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एक वेगळी टाकीच दिली. तिच्यात भरायचं ते 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. हे नाव ऐकून माझ्या अंगावर अजूनही काटा येतो. बाटलीत होतं काय? निम्मं पाणी, निम्मं मिथेनॉल आणि गंज न चढावा म्हणून चिमूटभर काहीतरी. पाणी डिस्टिल्ड होतं, हे मान्य करायला हवं.

आणि मालक ते भरायला विसरत! टाकी संपली की गाडी निमूट टर्बोचा जोर आवरता घ्यायची, आणि मालक वर्कशॉपात जाऊन भांडायचे, की रॉकेट म्हणून घेतलं आणि ही तर मोटार निघाली. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या खपल्या नाहीत. पुढे कंपनीनेच टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय केली, आणि कित्येकांनी तो बदलूनही घेतला. कित्येकांनी! मला राहून राहून त्या माणसांचा विचार येतो. टर्बो उतरवून घरी परतताना त्यांनी दारावरची ती अक्षरं काढली असतील का? मी तरी काढली नसती.

जर्मन लोक तर आणखी पुढचे. १९७३ साली बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो आणली तेव्हा पुढच्या बाजूला 'टर्बो' हा शब्द उलट्या अक्षरांत रंगवला होता. का, तर पुढच्या गाडीवाल्याला तो आरशात सुलट दिसावा आणि त्याने वाट द्यावी. आपल्याकडे असं अॅम्ब्युलन्सवर लिहितात.

खंबाटकीच्या चढावर मला नेमकी तीच आठवण झाली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा घाट चढायचा असे, बोगदा परतीच्या लोकांसाठी. पुढे कांद्याचा ट्रक होता. मी बायकोला म्हटलं, "आता बघ हं," आणि पाय दाबला. इंजिनाने फक्त आवाज काढला. समोर पिवळा दिवा लागला, काटा जागचा हलेना, मागून हॉर्न वाजू लागले. डावीकडून एसटी गेली. मग कोंबड्यांचा टेंपो गेला, आणि त्यातल्या सगळ्या कोंबड्या आमच्याकडे बघत होत्या.

"काय बघू?" बायकोने विचारलं.

वर्कशॉपात स्कॅनर लावल्यावर कोड आला पी ०२९९. म्हणजे हवेचा दाब हवा तेवढा बनत नाही. त्या पोरांच्या भाषेत, 'गाडी लिम्प मोडला गेली.' होज पाइप फाटला असेल, अॅक्च्युएटर गेला असेल, अशा आशेवर एक दिवस गेला आणि शेवटी टर्बो खाली उतरवला. एवढीशी वस्तू. फोरमनने दांडा बोटाने फिरवून दाखवला. "शाफ्टला प्ले नाही, सील ओके आहे. हे बघा इथे." धुराच्या चक्राभोवती बारीक पाती असतात. धूर कमी असला की ती मिटून वाट अरुंद करतात, धूर वाढला की उघडतात. ती सगळी काजळीने जाम झाली होती. त्याने स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर काळी खपली निघून माझ्या पांढऱ्या शर्टावर पडली.

"गाडी पळाली नाही ना, म्हणून झालं हे," तो म्हणाला. "डिझेल आहे काका, हायवेवर ताणली पाहिजे. घर ते हॉस्पिटल केलं की अशीच चोक होणार."

म्हणजे ज्या गुणाचे पैसे मी जास्त मोजले, तोच आजार होता. "मग साफ करून बसवा," मी म्हटलं. तो हसला. "बाहेर कोणीही मेस्त्री करून देईल. आमच्याकडे पार्ट बदलतात, काजळी काढत नाहीत." नव्या टर्बोचा आकडा ऐकून मी ताठ मानेने म्हणालो, "गाडी वॉरंटीत आहे."

ती पुस्तिका मी त्या रात्री पहिल्यांदा वाचली. गाडीत रबराचं, काचेचं, कापडाचं, घासणारं आणि जळणारं जे जे आहे ते ते वगळलेलं. माझ्या हिशेबाने उरलं ते छत. पण टर्बोचं नाव यादीत स्पष्ट होतं! दोनच दिवसांत उत्तर आलं: क्लेम नामंजूर, आधीच्या मालकाच्या काळात सर्व्हिसमध्ये खंड. साल २०२०.

मग मी पत्र लिहिलं. लेखक माणूस, अशी संधी रोज येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ इथपासून सुरुवात करून ग्राहक हा राजा कसा आणि राजाची खंबाटकीत काय अवस्था झाली इथपर्यंत. तीन पानं. त्यात जेटफायरही आली होती. बायको म्हणाली, "छान आहे, दिवाळी अंकाला पाठवा."

जुनी बिलं मिळतात का पाहावं म्हणून डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांना गाडीचा नंबर तोंडपाठ होता. "त्या वर्षी? अहो, मार्चअखेर सगळं बंदच झालं. गॅरेज कुठली उघडी? आणि उघडी असती तरी नेणार कोण?" त्या कोविड वॉर्डात होत्या. घरी सासूबाई म्हाताऱ्या, म्हणून बरेचदा घरीही जात नसत. "डबा गाडीतच खायचे. दोन ड्यूट्यांच्या मध्ये पार्किंगमध्ये एसी लावून पंधरा-वीस मिनिटं पाठ टेकायची. काचा बंद केल्या की फोन जरा लांबून वाजल्यासारखा वाटायचा." मग एकदम म्हणाल्या, "गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तर काही होतं का हो?"

होतं. काजळी त्यानेच धरते. मी म्हटलं, "छे, काही होत नाही." फोन ठेवला आणि शर्टावरचा तो डाग घासायला घेतला होता, तो तसाच बादलीत सोडून दिला. सर्व्हिसमध्ये खंड! कुणा बाबूने कुठल्या स्क्रीनवर टिचकी मारून हे लिहिलं असेल, त्याला मी त्या रात्री मनातल्या मनात जे बोललो ते तीन पानांत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या सर्व्हिस अॅडव्हायझर मुलीने माझं पत्र हातात तोललं, वाचलं नाही. आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "सर, लॉकडाऊनमध्ये कंपनीनेच सर्व्हिसच्या तारखा पुढे ढकलल्या होत्या. मेलमध्ये एवढंच लिहा. एक ओळ. आणि मी सांगितलं म्हणू नका."

एक ओळ लिहिली. क्लेम मंजूर झाला. माझ्या गद्याचा एवढा अपमान याआधी एकाही संपादकाने केला नव्हता. बिलात टर्बो शून्य रुपये, गास्केट, ऑइल, फिल्टर आणि कूलंट माझ्या खात्यावर. त्याला कन्झ्युमेबल म्हणतात.

जाताना फोरमनने पथ्य सांगितलं: आठवड्यातून एकदा लांब पळवा, आणि जोरात आलात की लगेच किल्ली फिरवू नका, अर्धा मिनिट इंजिन चालू राहू द्या, टर्बो थंड होतो. मी ते पाळतो. रविवारी खंबाटकी चढून येतो, पार्किंगमध्ये गाडी नाकासमोर घालतो, बायको उतरून वर जाते आणि मी घड्याळात बघत बसून राहतो. परवा वॉचमनने काचेवर टकटक केली. "साहेब, बंद करा की, धूर होतोय."

मी काच खाली करून त्याला ब्यूखीपासून समजावून सांगितलं. तेलाचा थर, लाख फेरे, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मागे जाऊन दारावरची अक्षरं वाचली, परत आला आणि म्हणाला, "म्हणजे अजून रिपेअर झालीच नाही का?"