श्री. क्ष, मुक्काम पोस्ट पुणे, यांस



आपले बारसे पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी केले. १९४५च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एका ‘क्ष’ गृहस्थांची गोष्ट रचली. घसा दुखतो म्हणून हे परस्पर पेनिसिलिन घेतात, तेही अपुरे. जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. पुढे पत्नीला त्याच जंतूंचा न्यूमोनिया होतो, औषध चालत नाही आणि बाई दगावतात.

पुण्याने आपल्यासाठी काय केले नाही? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशाला पेनिसिलिन मिळाले. (पिंपरी पुण्यात येत नाही, हा आपला आक्षेप नोंदवून घेतला आहे.) विषाणूंचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही इथलीच. तरी विषाणूच्या सर्दीवर आपण मेडिकलमध्ये जाऊन ऐटीत म्हणणार, “दोन सहाशेपंचवीस द्या.” पाकिटावरची तांबडी रेघ बहुधा शोभेसाठी छापत असावेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट इतरांना.

सहाशेपंचवीस म्हणजे ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन, हे पेनिसिलिनच्याच कुळातले, आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. कित्येक जंतू पेनिसिलिन तोडणारे एन्झाइम बनवतात. त्याला अडवायला हा दुसरा गडी. कानाचा, सायनसचा जिवाणूसंसर्ग, कुत्रा चावल्याची जखम, अशा ठिकाणी ही जोडी खरोखर कामाची. विषाणूपुढे मात्र दोघेही हात बांधून उभे. आपली सर्दी बरी होते ती आपोआप, आणि श्रेय गोळीला जाते.

त्या बदल्यात जुलाब होतात. मग आपण जुलाबाची गोळीही स्वतःच ठरवता. हे स्वावलंबन पाहून आम्ही थक्क आहोत. क्वचित कावीळही होते, वयस्कर पुरुषांत अधिक, आणि औषध थांबवल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा. तेव्हा दोष अर्थातच बाहेरच्या पाणीपुरीला.

आपल्या औदार्याबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. बरे वाटताच उरलेल्या गोळ्या आपण फ्रीजवरच्या डब्यात ठेवता आणि सोसायटीत कुणी खोकले की काढून देता. फी नाही, तपासणी नाही. पेनिसिलिनच्या ॲलर्जीने एखाद्याला अंगभर पित्त उठते, एखाद्याचा श्वास कोंडून जीवही जाऊ शकतो.

तेव्हा शेजारच्या काकूंना तो डबा उघडून देण्याआधी, “तुम्हाला पेनिसिलिन चालतं का?” एवढे विचारा. त्या “माहीत नाही” म्हणाल्या, तर डबा बंद करा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. वाटेत स्वतःचाही घसा दाखवा.

आपला,
एक शेजारी